मनोहर, पाणी तलावाचंच होतं

मनोहर,

तू गेलास त्या दुपारी तुझे थोरले भाऊ माझ्याकडे कागद घेऊन आले आणि म्हणाले, पेपरात द्यायचा मजकूर तुम्हीच लिहा, तुमचं मराठी चांगलं आहे. तुझ्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसून मी लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीत ‘चिरविश्रांती’ हा शब्द आपोआप उतरला आणि हात थांबला. तो शब्द मी खोडला, इतका की कागद फाटला. भावांना वाटलं, मला भरून आलं. भरून आलंच होतं, पण कागद फाटला तो त्यामुळे नाही. त्या एका शब्दावरून तू आणि मी किती वर्षं भांडलो हे त्यांना माहीत नव्हतं. तू समोर नसताना तो वापरणं म्हणजे तुझ्या पाठीमागे भांडण जिंकून घेण्यासारखं होतं.

मजकूर शेवटी दुसऱ्याच कुणी लिहिला. त्यात तू ‘सुप्रसिद्ध बांधकाम व्यावसायिक’ आहेस आणि ‘वारसाप्रेमी’ आहेस. फोटो सफारीतला आहे. कोळशाने काळे झालेले हात दिसतील असा फोटो त्या गडबडीत कुणाला सापडला नाही.

तेरावा परवा झाला. मला लिहायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. तू त्यावरून मला आयुष्यभर टोमणे मारलेस. आता बस जरा निवांत आणि ऐक.

तो शब्द आला कुठून, तिथून सुरुवात करतो. मी तेव्हा वाचनालयात नुकताच लागलो होतो आणि तू नुकता ठेकेदार झाला होतास. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात छोटं वाफेचं इंजिन गंजत पडलं होतं. आपल्या गावातून अरुंद रुळांवर धावणाऱ्या छोट्या गाडीच्याच मापाचं. ते शहरातल्या बागेत शोभेला बसवायचं काम तुला मिळालं. चौथरा बांधायचा, त्यावर रूळ, रुळांवर इंजिन, पुढे कुंड्या. तू ते काम इतक्या मनापासून केलंस की आठवलं तरी हसू येतं. भंगारवाल्यांनी चाकं काढून नेऊ नयेत म्हणून चाकं निम्म्यापर्यंत काँक्रीटमध्ये गाडलीस. ज्या भट्टीत आग पेटते त्या भट्टीत लोक बाटल्या टाकतील, म्हणून तीही काँक्रीटने भरून टाकलीस. आणि वर एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, स्वतः पाइप धरून पाणी मारलंस.

“पाणी नाही पाजलं तर काँक्रीट म्हातारपणी शिव्या देते,” तू म्हणाला होतास.

मग पाटीवरच्या मजकुरासाठी माझ्याकडे आलास. “काहीतरी भारदस्त लिही बे पुस्तक्या.” मी दोन दिवस घेतले आणि लिहून दिलं: ‘अनेक वर्षे अखंड सेवा करून हे इंजिन येथे चिरविश्रांती घेत आहे.’ तू ते मोठ्यानं वाचलंस. “साहेब लोकाइच्या तोंडात शोभन असं हाय,” म्हणालास. काळ्या दगडावर ते कोरलं गेलं. त्या संध्याकाळी आपण दोघं चौथऱ्यावर बसून चहा प्यायलो आणि आपल्या कामावर फार खूश होतो.

मधली वर्षं मी सोडून देतो. त्यात तू मोठा झालास. पूल बांधलेस, शाळा बांधल्यास, निम्म्या शहराच्या इमारती बांधल्यास. वाचनालयाचं छत गळायला लागलं तेव्हा तुझी माणसं न पाठवता स्वतः शिडी लावून वर चढलास आणि खाली येऊन मला म्हणालास, तुह्या पुस्तकाइच्या डोक्यावर थेंब पडणार नाही आता. पडला नाही.

मग एका हिवाळ्यात डॉक्टरांनी तुला रोज चालायला सांगितलं आणि तू बागेत फिरायला जाऊ लागलास. एक दिवस सकाळी सकाळी वाचनालयात शिरलास. चपला न काढता. मी वर्तमानपत्रं लावत होतो.

“इंजिन थंड हाय बे,” तू म्हणालास.

“कुठलं?”

“बागेतलं. हात लावून पाह्यला. थंडगार.”

“बंद इंजिन थंडच असणार, मनोहर.”

“तुले नाही समजणार,” असं म्हणून तू खुर्चीत बसलास आणि मग मला समजेल असं सांगितलंस. तुझी आई स्टेशनवर उकडलेल्या शेंगा विकायची हे मला माहीत होतं. आपण एका वर्गात होतो, तुझ्या दप्तराला शेंगांचा वास यायचा. पण पाण्याचं मला माहीत नव्हतं. थंडीच्या दिवसांत सकाळची गाडी आली की स्टेशनामागच्या झोपड्यांतल्या बाया बादल्या घेऊन इंजिनापाशी उभ्या राहायच्या. ड्रायव्हर एक कॉक फिरवायचा आणि उकळतं पाणी बादल्यांत पडायचं. त्यात विहिरीचं पाणी मिसळून तुमच्या आया तुम्हाला फलाटाच्या टोकाला अंघोळी घालायच्या. घरी पाणी तापवायला सरपण नसायचं.

“लोकाइचा बंब घरात असते,” तू म्हणालास. “आमचा बंब शिट्टी मारत याचा. लहानपणी मी कधी थंड इंजिन पाह्यलं नव्हतं. आज हाताले लागलं. आणि थंड कोणं केलं? मीच. एकवीस दिवस पाणी मारून.”

पुढे तुला भेटायला येणाऱ्या पत्रकारांना तू वारसा, इतिहास, भावी पिढी असं बरंच काही सांगायचास. मी शेजारी बसून ऐकायचो. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण खरं कारण ती बादली होती, आणि ते तू फक्त मला सांगितलंस. आज या पत्रात ते सगळ्यांसाठी लिहून ठेवतो आहे. रागावू नकोस.

थोड्याच महिन्यांत रस्ता रुंद होणार म्हणून बाग निम्मी जाणार असं ठरलं आणि इंजिन भंगारात निघालं. तू ते घेतलंस. तुझ्याच क्रेन आणल्यास, चौथऱ्याचा तुकडा खालून कापलास आणि काँक्रीटमध्ये रुतलेलं इंजिन तसंच्या तसं ट्रेलरवर चढवून दारव्हा रस्त्यावरच्या तुझ्या शेतात नेलंस. तुरीच्या उभ्या पिकाच्या कडेने तो ट्रेलर जाताना लोक गाड्या थांबवून पाहत होते. मी मागे तुझ्या जीपमध्ये होतो. मला लाज वाटत होती, हेही सांगून टाकतो.

मग तू पांढरकवड्याहून रहमतभाईंना आणलंस. सगळं आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरवर काढलेला माणूस. पांढरी दाढी, खिशात स्टीलची छोटी हातोडी. त्यांनी इंजिनाभोवती तीन फेऱ्या मारल्या, भट्टीत टॉर्च मारला आणि विचारलं, “इसमें सिमेंट किस गधे ने भरा?”

तू शाळेतल्यासारखा हात वर केलास.

मशीन लावू नका, म्हणाले रहमतभाई. हादरा बसला तर लोखंडाला तडा जाईल. छिन्नी-हातोडीने काढा, बोटभर बोटभर. दोन हिवाळे गेले त्यात. ज्या माणसाच्या शब्दावर शंभर मजूर हलायचे तो माणूस बनियनवर, पोत्यावर बसून स्वतःचंच काँक्रीट फोडत होता.

“माहं काँक्रीट एवढं पक्कं काहून झालं बे?”

“पाणी पाजलंस म्हणून,” मी म्हणायचो.

“शेठ,” रहमतभाई भट्टीच्या आतून विचारायचे, “बाकी बिल्डिंगों में भी ऐसाच माल डाले क्या?”

“रहमतभाई, तुम्ही छिन्नी मारा.”

मी दर रविवारी यायचो. खुर्ची घ्यायचो आणि कडुनिंबाखाली पुस्तक वाचत बसायचो. छिन्नीला मी हात लावला नाही. मला ते सगळं चूक वाटत होतं आणि मी ते लपवलं नाही. प्रत्येक गोष्टीचं एक आयुष्य असतं, मी म्हणायचो. त्याचे फोटो काढ, नकाशे काढ, कुणाकडून तरी चांगलं पुस्तक लिहून घे. ते टिकेल. लोखंड कशाला चालवायचं? तू ऐकून घ्यायचास. एकदा मात्र मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, “हे तू आहेस तोवर. तुझ्यामागे कोण चालवणार? तू गेलास की हे परत चौथऱ्यावर जाईल. काँक्रीट तेवढं दुसरा कुणी ओतेल.”

तुझा हातोडीचा हात वरच राहिला. मग तो खाली आला, पण छिन्नी चुकली आणि अंगठ्यावर बसली. तू अंगठा तोंडात धरलास, माझ्याकडे पाहिलंस आणि काहीच बोलला नाहीस. इतक्या वर्षांत तू गप्प बसलेला मला ते एकदाच आठवतं.

पुढच्या रविवारी तू मला शेडमध्ये नेलंस. तिथे बागेतली ती काळी पाटी भिंतीला टेकून उभी होती, मजकूर भिंतीकडे करून. मागची बाजू तू घासून गुळगुळीत करून घेतली होतीस.

“ही बाजू कोरी हाय,” तू म्हणालास. “इंजिन चाललं का नवीन मजकूर लिहाचा. तूच लिहाचा. पण पहिल्यासारखा मयताचा नको.”

मी हो म्हणालो, कारण ते चालणार नाही याची मला खात्री होती.

भट्टी मोकळी झाली, नळ्या बदलल्या, शेतात रूळ पडले, मागे जोडायला बाकांची ट्रॉली आली, आणि तुझं बोलणं बदललं. चारचौघांत तू पाण्यावर बोलायला लागलास. रहमतभाईंनी सांगून ठेवलं होतं, बोरचं पाणी या बॉयलरला चालणार नाही. चहाच्या भांड्यात जसा पांढरा थर धरतो तसा नळ्यांत धरतो आणि नळ्या जळतात. तेव्हा पाणी तलावाचं, टँकरने आणलेलं, गाळलेलं. लग्नात, साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत तू लोकांना बोर आणि तलाव समजावून सांगायचास. सुमनवहिनी वाढता वाढता म्हणायच्या, “भाऊजी, तुम्ही तरी विषय बदला. घरात दोन वेळा हेच. मले त्या धुराची न् पाण्याची काही गोडी नाही.” शेतातल्या आवारात त्या एकदा आल्या, नाकाला पदर लावला आणि परत गेल्या.

बॉयलर तपासायला अधिकारी आले तो दिवस तुला आठवत असेलच. थंड पाणी दाबाने भरून कुठे झिरपतं का ते पाहायचं होतं. साहेब हातोडीने ठोकत फिरले, तासभर कान लावून ऐकत राहिले. तू हात मागे बांधून उभा होतास. त्यांनी कागदावर सही केली तेव्हा तू त्यांना नमस्कार करायचं विसरलास आणि इंजिनाला केलास.

आणि मग तू तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केलीस. ती फक्त ठेकेदारच करू शकतो.

तुझा एक नियम होता. मिस्त्री जेवढा वेळ सांगेल त्याचा निम्मा धरायचा, कारण प्रत्येक मिस्त्री दुप्पट सांगतो. या नियमावर तू एवढा मोठा धंदा उभा केलास. रहमतभाई म्हणाले, पहिल्यांदा पेटवतोय, वाफ धरायला बारा तास लागतील. तू सहा धरलेस. पत्रिका छापल्यास: सकाळी अकरा वाजता. मांडव, खुर्च्या, सनई, प्रमुख पाहुणे. पहाटे पाचला पऱ्हाट्यांनी, कापसाच्या वाळल्या काड्यांनी भट्टी पेटली, मग बाभळीची लाकडं, मग वणीकडचा कोळसा. अकराला पाहुणे आले. दाबाच्या घड्याळाचा काटा जागचा हललेला नव्हता.

“रहमतभाई, कोळसा टाका ना अजून!”

रहमतभाईंनी भट्टीच्या दारासमोर स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. “शेठ, ये तुम्हारा स्लॅब नहीं है. लोहा धीरे गरम होगा, सब तरफ से बराबर गरम होगा. जल्दी करोगे तो बॉयलर मरेगा, और साथ में मैं.”

“लोक आले हायत, बावा!”

“लोगों को खाना खिलाओ.”

तू लोकांना जेवू घातलंस. वांग्याची भाजी, वरण-भात, जिलेबी. पाहुण्यांनी उभ्या इंजिनासमोर फीत कापली, वाफेच्या युगावर भाषण केलं आणि घड्याळ बघत गाडीत बसले. एकजण जाता जाता म्हणाला, “शेठ, बागेतच बरं होतं.” लोक हसले. मीही हसलो, मनोहर. तू पाहिलंस. ते मला फार दिवस लागून राहिलं.

चार वाजता आवारात किती माणसं होती ते मी मोजू शकलो असतो. मांडववाले, भांडी घासणाऱ्या बाया, कापूस वेचून घरी निघालेल्या दोघीजणी डोक्यावर गाठोडी घेऊन, रहमतभाई, तू आणि मी. सनईवाले पैसे न मागता थांबले होते. पाचला थोडी मिनिटं कमी असताना रहमतभाई स्टुलावरून उठले आणि म्हणाले, “अब पूछो.”

तू तिथून वळलास. रुळांच्या कडेने चालायला लागलास.

“कुठे निघालास?” मी ओरडलो.

“तिकडच्या टोकाले. गाडी येताना पाहाची हाय मले. जाताना लय पाह्यली.”

आपला तो रूळ कसाबसा किलोमीटरभर. दुसऱ्या टोकाला शेतात जाणारी पांदण आणि तिच्या कडेला एकटं बोरीचं झाड. तू तिथे पोचेपर्यंत रहमतभाई थांबले. मग त्यांनी शिट्टीची साखळी ओढली आणि मांडवाच्या कापडावर बसलेले सगळे कावळे एकदम उडाले. कुणीतरी मला मागच्या ट्रॉलीवर बाकावर ढकललं. कापूसवाल्या दोघी गाठोड्यांसकट चढल्या. एक मोठा उसासा, मग दुसरा. पायाखालची फळी थरथरली आणि शेड मागे जायला लागलं. मला क्षणभर कळेना शेड का हलतंय. आपण चाललो होतो. तुरीच्या ओळी एकामागून एक मागे पडत होत्या आणि समोर बोरीखाली एक ठिपका मोठा होत होता. तो तू होतास. ना हात हलवत होतास, ना ओरडत होतास. धोतर-सदऱ्यात, काळ्या हातांनी, सिग्नलसारखा ताठ उभा.

गाडी थांबली. तू पुढे आलास आणि बॉयलरला तळहात लावलास. चटका बसला. हात काढला नाहीस.

मग तू बोरीमागे लपवून ठेवलेली बादली काढलीस. निम्मी थंड पाण्याने भरलेली. तिची तयारी सकाळपासून होती. पत्रिका, मांडव, पाहुणे हे सगळं चुकलं होतं, पण बादली बरोबर जागी होती. रहमतभाईंनी कॉक फिरवला. ज्याच्या बंगल्याच्या छतावर पाणी तापवायची चार यंत्रं आहेत असा माणूस धोतर-सदरा काढून, चड्डीवर, पांदणीत दगडावर बसला आणि इंजिनाच्या पाण्याने अंघोळ करू लागला.

“शेठ, साबण हाय का?” कापूसवाली ओरडली.

“इंजिनाच्या पाण्याले साबण लागत नाही, मावशी!”

“पाठ चोळाले शेठाणी बलावू का?”

“बलाव! थे आली तर मी दुसरी शिट्टी मारतो!”

सनईवाल्यांनी ट्रॉलीवरून वाजवायला सुरुवात केली. मला त्या दिवसासारखा दिवस पुन्हा दिसला नाही. तू डोळ्यांवरून पाणी निपटत माझ्याकडे वळून विचारलंस, “कसं वाटते, पुस्तक्या?”

मी म्हणालो, “धूर फार आहे.”

एवढंच म्हणालो. हे मी तुला कधी सांगितलं नाही म्हणून आज लिहितो: ट्रॉली हलली तेव्हा मी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरलं होतं, आणि भीतीने नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने तिच्या गाठोड्यातला कापूस काढून माझ्या हातात दिला, डोळे पुसायला.

त्यानंतर दर रविवारी गाडी सुटू लागली. राळेगावकडून, मारेगावकडून माणसं एसटीने यायची, डबे घेऊन. म्हातारी माणसं धुराचा वास घ्यायला नाक पुढे करायची. तू दर वेळी आधीच चालत बोरीपाशी जायचास. गाडी येताना पाहायला. एकदाही तू त्या ट्रॉलीवर बसला नाहीस.

आणि दर रविवारी मला विचारायचास, “पाटीचं काय झालं?” मी म्हणायचो, विचार करतोय. लिहायला बसलो की मनात ‘अखंड’ यायचं, ‘वारसा’ यायचा, ‘स्मृती’ यायची. सगळे मयताचेच शब्द. मी ते खोडायचो. तू हसायचास, “एवढ्यात मी दोन पूल बांधले असते बे.”

शेवटचं भांडण सोमवारी झालं, वाचनालयाच्या पायरीवर. मी पुन्हा तेच विचारलं. रहमतभाई थकले, तू थकलास, पुढे काय? तू चहाचा कप अर्धाच ठेवलास. “माह्यामागं कोण चालवन हे तू मले दहादा विचारलं. रहमतभाईले एकदा तरी विचारलं का? पुस्तकात नाही सापडणार थे.” आणि गेलास. बुधवारी सकाळी फिरायला निघालास, फाटकापाशी खुर्चीवर बसलास, आणि उठला नाहीस.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो.

शनिवारी दुपारी घरात माणसं भरलेली होती. रहमतभाई दारात आले. टोपी हातात. आत आले नाहीत. म्हणाले, “भाभी, कल इतवार है.”

सगळ्यांना कळलं ते काय विचारतायत. इंजिन रविवारी सकाळी चालायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी पेटवावं लागतं. तुझे थोरले भाऊ हळू आवाजात म्हणाले, “रहमतभाई, घरात सुतक आहे. तेराव्यापर्यंत काही नाही. पुढचं पुढे पाहू.” त्यांचं चूक नव्हतं. पण ‘पुढचं पुढे पाहू’ याचा अर्थ मला कळला. गोष्टी चौथऱ्यावर कशा जातात ते मला ठाऊक आहे. अशा एका गोष्टीची पाटी मीच लिहिली होती. माझं म्हणणं खरं ठरत होतं आणि मला ते नको होतं. 

सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चार दिवसांत त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “पाणी भरलं का?”

कुणाला कळलं नाही. कुणीतरी तांब्या आणायला उठलं.

“पेयाचं नाही. बॉयलरचं,” वहिनी म्हणाल्या. “रहमतभाई, तलावाचं भरा. बोरचं भरसान तर नळ्याइले चुना धरन.”

रहमतभाईंची मान खाली गेली. “तालाब का ही है, भाभी. सुबह ही टँकर मंगाया.”

“मंग पेटवा. लोकं एसटीनं येऊन बसतीन, त्याइले आपण काय सांगाचं?”

भाऊ काही म्हणणार होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. “भाऊजी, त्याइनं कधी काम बंद ठेवलं का? बापाच्या तेराव्यालेही सकाळी स्लॅबले पाणी मारून आलते.”

गोडी नाही म्हणणारी बाई, मनोहर. घरात दोन वेळा तू बोलायचास आणि ती वाढायची. तिने एक शब्द सांडू दिला नव्हता.

रविवारी मी लवकर आवारात गेलो. रहमतभाई स्टुलावर बसले होते, पण भट्टीत कोळसा दुसराच कुणी टाकत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विचारलं, “रहमतभाई, तुमच्यानंतर कोण?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुस्तक उलटं धरलंय. “सर, ये सवाल इतने साल कहाँ था?” मग बोट दाखवलं. भट्टीवरचा गजानन, तेलाची बुधली घेतलेला इरफान, आणखी दोघं. तुझ्या क्रेनवर काम करणारी माणसं. दोन वर्षांपासून तू त्यांना आठवड्यातले दोन दिवस रहमतभाईंकडे पाठवत होतास. चौघांनीही बॉयलर चालवायची परीक्षा दिली होती, चौघांची प्रमाणपत्रं शेडमध्ये लावलेली होती, माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर. मी तिथे बसून पुस्तक वाचत होतो.

म्हणजे त्या दिवशी अंगठा तोंडात धरून तू गप्प बसलास ते निरुत्तर होऊन नाही. तू कामाला लागला होतास.

दहा वाजत आले. ट्रॉलीवर जागा उरली नव्हती. वहिनी पहिल्या बाकावर बसल्या होत्या, नाकाला पदर नव्हता. रहमतभाई बाजूला उभे राहिले आणि साखळी गजाननच्या हातात दिली. तेवढ्यात सगळे थबकले. सगळ्यांची नजर बोरीकडे होती. तिथे कुणी नव्हतं.

मी रुळांच्या कडेने चालायला लागलो. मला गुडघ्यांमुळे वेळ लागतो. ते थांबले. गाडी येताना पाहायला कुणीतरी हवं.

बोरीखाली पोचून मागे वळलो तेव्हा शिट्टी झाली. आधी धूर दिसला, मग काळं तोंड, मग तुरीच्या शेंड्यांवरून येणारी लोकांची डोकी. गाडी मोठी होत होती. जमीन तळव्यांना कळायला लागली. तू इतके रविवार इथे उभं राहून काय पाहायचास ते तेव्हा मला दिसलं. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, मनोहर. मी, ज्याने वाचनालयात माणसांना हळू बोला म्हणून सांगत जन्म काढला. काय ओरडलो ते मला आठवत नाही. वहिनींनी बाकावरून हात हलवला.

पाटीचा मजकूर मी त्याच दिवशी लिहिला, शेडमध्ये उभ्यानं, सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर. एका मिनिटात. एकही शब्द खोडला नाही. काल पाथरवट येऊन तो कोरून गेला. पाटी चौथऱ्यावर नाही, आवाराच्या फाटकाशेजारच्या भिंतीत बसवली आहे, एसटीतून उतरणाऱ्याला दिसेल अशी. जुना मजकूर आता भिंतीच्या आत, लिंपून टाकला आहे. तुझ्या काँक्रीटने नाही. नुसत्या मातीने.

पाटीवर लिहिलं आहे: ‘गाडी दर रविवारी सकाळी दहा वाजता सुटते.’

पाथरवटाने विचारलं, “एवढंच? शेठचं नाव नाही टाकाचं?”

मी म्हणालो, नको.

“निदान तारीख?”

दर रविवारी म्हटल्यावर तारीख कशाला, मी म्हणालो. त्याने छिन्नी उचलली.